नानांची दाढ आणि निळं भात

दवाखान्यातले किस्से दातांवरच्या कीटणासारखे असतात. रोज थोडं थोडं साचतं, आरशात बघितलं तरी दिसत नाही, आणि एक दिवस कुणी खरवडायला बसलं की वाटीभर निघतं! आज मी खरवडायला बसलोय.

आमचा दवाखाना भोरमध्ये, एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटं. दाढ दुखत असेल तर चार! डॉक्टर आमच्या शुभदा मॅडम. भोरच्याच. पुण्यात शिकल्या, आता तिथंच मोठं नाव काढणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तर एक दिवस परत आल्या आणि गावातच बोर्ड लावला. मी त्यांचा असिस्टंट, बाळासाहेब. वय बावन्न, नोकरी अठरा वर्षं, स्वतःचे दात एकतीस. बत्तिसावा कुठं गेला ते इथं नको.

अलीकडं माझं पद बदललंय. पंचक्रोशीत मला 'चष्मेवाला' म्हणतात. कारण मॅडमनी उजेडाचं मशीन आणलं. कंपासपेटीएवढी डबी, तिला वायर, वायरीला पेन आणि पेनाच्या टोकाला उदबत्तीच्या काडीसारखी बारीक नळी. पायाखालचं बटण दाबलं की नळीतून लाल उजेड येतो. तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून पेशंटला, मॅडमना आणि मला चष्मा. चष्मे मी देतो. उरलेलं सगळं मॅडम करतात.

पुढं जे सांगणार आहे त्यात थोडं मीठ माझं असेल. पण भाजी मॅडमची आहे.

*

मशीन आलं त्या आठवड्यात कापूरहोळच्या एक वहिनी आल्या. नवरा-बायकोचा हायवेला ढाबा. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायला लागले होते.

मॅडमचा नियम पक्का: आधी झाडू, मग दिवा. दोन बैठकांत त्यांनी कीटण काढून तोंड चकाचक केलं. तिसऱ्या बैठकीला दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत सुईनं निळं औषध सोडलं. वहिनींनी आरसा मागितला, बघितला आणि किंचाळल्या, "अगं बया! शाईची दौत प्याल्यावानी दिसतीय की मी!"

मॅडमनी शांतपणे समजावलं. "वहिनी, हे निळं औषध फटीतल्या जंतूंना जाऊन चिकटतं. नुसतं औषध जंतूंना फार काही करत नाही. नुसता लाल उजेडही काही करत नाही. पण औषध चिकटलेलं असताना उजेड पडला, की जंतू मरतात."

वहिनींनी विचार केला. मान डोलावली.

"कळलं! आमच्या सासूबाई आन् नणंदबाई. एकेकटी आसली तर काय तरास न्हाई. दोघी एका जागी आल्या की मरान!"

कॉलेजात हे मॅडमना कुणी इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून बायकांना मॅडम हेच उदाहरण देतात. एकीलाही दुसऱ्यांदा समजवावं लागलेलं नाही.

*

वेल्ह्याकडच्या सोनाबाई आजी. दोन एसटी बदलून यायच्या. दात राहिले होते नऊ, पण नऊही वाचवायचेच असं मॅडमनी मनावर घेतलं होतं.

मी चष्मा चढवला, मॅडमनी औषध सोडलं, मिनिटभर थांबल्या आणि बटण दाबलं. लाल उजेड लागला आणि आजींनी दोन्ही हात जोडले! तोंड उघडं, डोळ्यांवर चष्मा, ओठ निळे आणि हात जोडलेले. दिवा लागला की हात जोडायचे, हे आजींच्या हाडात बसलेलं. तो दिवा देव्हाऱ्यात लागला काय आणि तोंडात लागला काय!

मॅडमची नळी आजींच्या हातांना अडली. मी म्हणालो, "आजी, हात खाली." मॅडमनी मलाच गप्प केलं. बटणावरचा पाय उचलला, आजींचा नमस्कार पुरा होऊ दिला, मग पुन्हा दाबला.

तेव्हापासून आमच्याकडं रीतच पडली. उजेड लावायचा, दोन सेकंद थांबायचं, मग काम सुरू. दर गुरुवारी पुण्याहून एक मोठे सर येतात, इम्प्लांटच्या कामाला. मॅडमचे गुरूच ते. त्यांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "शुभदा, मशीन गरम व्हायला वेळ लागतो का?"

"नाही सर," मॅडम म्हणाल्या, "पेशंट गार व्हायला लागतो."

*

आता नाना.

भाटघरच्या रस्त्याला नानांची भाताची गिरणी आहे. वय सत्तरच्या घरात, आवाज असा की गिरणी चालू असताना ऐकू येतो. कुणाचं भात आलं की नाना पोत्यात हात घालणार, एक दाणा उजव्या दाढेखाली धरणार, डोळे मिटणार आणि कट्! मग निकाल. "घाल गिरणीत." नाहीतर, "दोन उन्हं दे अजून." ओलं भात गिरणीत गेलं तर तांदळाची कणी होते आणि वर्षाची मेहनत कोंबड्या खातात. त्यामुळं नानांचा कट् म्हणजे हायकोर्ट!

चाळीस वर्षं दाणे फोडून ती दाढ गेली. डावीकडच्या आधीच गेल्या होत्या. पुढच्या दातांनी चावायचं तर नाना म्हणायचे, "आवाज पोटात जात न्हाई." मग सरांनी त्या जागी इम्प्लांट बसवलं. हाडात स्क्रू, वर कॅप. नानांनी त्याच्यावर तीन हंगाम काढले. "मूळ दाढंपरीस ब्येस!" म्हणून गावभर सांगितलं. फक्त घासायचं तेवढं सोडून दिलं. त्यांचं म्हणणं, "लोखंडाला कीड लागती व्हय?"

लोखंडाला लागत नाही, भोवतालच्या हिरडीला लागते. गणपती गेले आणि नाना गाल धरून आले. हिरडी टम्म, दाबली की पू. एक्स-रेत स्क्रूभोवतीचं हाड बशीसारखं खोल गेलेलं.

सर म्हणाले, "नाना, हे काढू. आणखी हाड गेलं तर पुन्हा बसवायला जागा राहायची नाही."

"म्हंजी ह्या हंगामाला दाढ न्हाई?"

सोबत मुलगा होता, प्रकाश. त्यानं गिरणीसाठी धान्याची ओल मोजायचा मीटर आणला होता. मुलगा चांगला आहे, बोलला तेही प्रेमानंच. "नाना, आता तुम्ही घरी आराम करा. मीटर आहे ना."

नाना माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात बोलले. नाना आणि हळू आवाज! माझ्या अंगावर काटाच आला.

"बाळ्या, चाळीस वर्सं लोक भात घिऊन माझ्याकडं येत्यात. दाढ गेली तर भात गिरनीकडं जाईल. माझ्याकडं कोन येनार?"

मॅडमनी ते ऐकलं. सरांना म्हणाल्या, "सर, तीन महिने द्या. साफ करते, उजेड देते. हाड आणखी सरकलं तर मी स्वतः तुमच्या हातात पाना देईन."

"शुभदा, गेलेलं हाड उजेडानं परत येत नाही."

"परत नको सर. जायचं थांबलं तरी पुष्कळ."

सरांनी तीन महिने दिले. मॅडमनी नानांना एकच अट घातली. रोज दोन वेळा घासायचं हे तर आहेच, पण तीन महिने भाताचा एक दाणा दाढेखाली जाता कामा नये!

नानांनी गिरणीच्या पट्ट्याची शपथ घेतली. गिरणीचा पट्टा किती वेळा निसटतो हे मॅडमना कुठून ठाऊक असणार!

*

मध्येच कामथडीच्या गुरुजींचा किस्सा सांगून घेतो, नाहीतर राहून जाईल. गुरुजी रिटायर, पण डोक्यातला वर्ग चालूच. उजेडाच्या पहिल्या बैठकीत सगळं बारकाईनं पाहिलं, विचारलं, वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या बैठकीला आलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी बायको हाताला धरून घेऊन आली. तोंड उघडलं तर दात, जीभ, टाळू, सगळं निळंभोर! आम्ही लावतो त्याच्या दसपट!

गुरुजींनी फळ्यावर लिहिल्यासारखं सांगितलं. "निळा पदार्थ अधिक प्रकाश, बरोबर जंतुनाश. निळा पदार्थ घरात आहे. प्रकाश गच्चीवर आहे. मग भोरला यायचं कारण काय?" थोडक्यात, गुरुजी रोज सकाळी हिरड्यांना कपड्यांची नीळ चोळून गच्चीवर सूर्याकडं आ वासून बसत होते!

बायको म्हणाली, "आठवडा झाला मी नीळ हुडकतीय! धोतरं पिवळी पडली आन् नीळ ह्यांच्या तोंडात!"

मी हसू दाबायला कपाटात तोंड घातलं. मॅडम हसल्या नाहीत. स्वच्छ चुळा भरायला लावल्या. मग समजावलं की कपड्यांची नीळ हे औषध नव्हे, ती तोंडात घालायची वस्तूच नव्हे, आणि सूर्य कितीही मोठा असला तरी हिरडीच्या खालच्या फटीत तो पोचत नाही. "गुरुजी, तिथं जायला नळीच लागते."

गुरुजींनी वही काढली. आधीचं समीकरण खोडलं आणि खाली लिहिलं, 'अधिक नळी.'

*

गावभर जाऊन मी शहाणपणा सांगत नाही, पण वेटिंगमध्ये बसलेल्यांशी दोन शब्द बोलतो. तिथंच एकदा माझी जीभ घसरली.

पारूबाई नावाच्या मावशी होत्या. हिरड्या मशेरीनं गेलेल्या. मॅडम दर वेळी विचारायच्या, "मावशी, मशेरी सोडली ना?" मावशी दर वेळी सांगायच्या, "कवाच!" आणि बोलताना मशेरीचा वास यायचा.

मी वेटिंगमध्ये सहज बोललो, "मावशी, ह्या मशीनचं एक हाय. खुर्चीत बसून खोटं बोललं की ह्याचा दिवा लागत न्हाई!"

मावशी आत गेल्या. चष्मा चढवला. मॅडमनी औषध सोडलं आणि नेहमीप्रमाणं मिनिटभर थांबल्या. तेवढं एक मिनिट मावशींना फार झालं! कनवटीची डबी काढून त्यांनी माझ्या हातात आदळली आणि निळ्या तोंडानं ओरडल्या, "घे मेल्या! आता तरी लाव दिवा!"

मॅडमनी मला नंतर चांगलंच झापलं. "बाळासाहेब, औषधाबद्दल थापा मारायच्या नाहीत. लोक माझ्यावर विश्वास ठेवून येतात." मी मान खाली घातली. डबी मात्र मावशींनी परत मागितली नाही.

त्या वेळी वेटिंगमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर नाना बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

*

दसरा झाला. हळवं, म्हणजे लवकर येणारं भात कापून झालं, गिरणीवर पोती यायला लागली. आणि बातमी आली: भातावर निळा रोग पडलाय!

गिरणीतल्या ढिगात निळे दाणे सापडले होते. सगळे नाहीत, इथं एक, तिथं दोन. पण गडद निळे! शेतकरी घाबरले. कुणी म्हणालं बियाणं खराब, कुणी म्हणालं धरणाच्या पाण्यात काहीतरी मिसळलंय. कृषी खात्यातला माणूस आला. त्यानं भिंगातून पाहिलं, मोबाईलवर फोटो काढले, चार दाणे पिशवीत बांधून घेतले आणि म्हणाला, "असं कधी बघितलं नाही." प्रकाशनं मीटर लावला. मीटरनं ओल सांगितली. निळं का, ते मीटरला येत नव्हतं.

आणि नाना? दरडावून बोलणारे नाना त्या दिवशी गिरणीच्या मागं जाऊन शेळीला पाला घालत होते म्हणे!

ही बातमी वेटिंगमधून आत आली तेव्हा मॅडम एकाचे दात साफ करत होत्या. हात थांबला नाही. फक्त विचारलं, "बाळासाहेब, निळे दाणे कधी सापडले?"

"काल दुपारी."

"आणि नानांची बैठक कधी होती?"

"काल सका..."

माझं वाक्य तिथंच राहिलं. मॅडम तोंडाच्या मास्कमागं हसल्या असाव्यात. डोळ्यांवरून तसं वाटलं.

*

पुढच्या बैठकीला नाना आले ते कीर्तनाला आल्यासारखे गंभीर. खुर्चीत बसले. मॅडमनी भाताचा विषयसुद्धा काढला नाही. साफ केलं, निळं सोडलं, मी चष्मा चढवला. मॅडमनी बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

पुन्हा दाबलं. नाही!

नाना ताडकन उठून बसले. "चावलं! म्या चावलं! सात दानं! चावून तितंच ढिगात थुकलं! पट्ट्याची शप्पत मोडली! समूर पोती आली आन् मला ऱ्हावलं न्हाई. मॅडम, चुकी झाली, पर दिवा इझवू नका!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मशीनकडं पाहिलं. चार्जरची पिन टेबलावर लोळत होती. रात्रभर लावून ठेवायचं काम माझं!

मला वाटलं, आता दोघांनाही बोलणी बसणार. पण मॅडमची गंमत अशी की माणूस खाली पडला की त्या कधी बोलत नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "नाना, मशीन चार्ज झालेलं नाही, एवढंच. पण खरं बोललात ते बरं झालं. आता मला एक सांगा. खऱ्या दाताच्या मुळाभोवती मऊ गादी असते. म्हणून दाताखाली केस आला तरी कळतो. इम्प्लांटला ती गादी नाही, स्क्रू सरळ हाडात. त्याला एवढं बारीक समजत नाही. मग तीन हंगाम तुमचा निकाल चुकला कसा नाही?"

"चुकलाच न्हाई!"

"तेच विचारतेय."

नाना गोंधळले. मॅडमनी त्यांच्या खिशाकडं बोट केलं. नानांच्या खिशात मूठभर भात असतंच. त्यातला एक दाणा मॅडमनी माझ्या हातात दिला. "बाळासाहेब, चावा."

मी चावला. कट्.

खुर्चीत डोळे मिटून बसलेले नाना आपसूक बोलले, "अजून एक ऊन पायजे."

प्रकाश बाहेरच होता. त्याला हाक मारली. त्यानं गाडीतून मीटर आणला, खिशातलं उरलेलं भात त्यात टाकलं. मीटरही म्हणाला, अजून थोडी ओल आहे!

मॅडम म्हणाल्या, "नाना, तुमची दाढ नाही. तुमचा कान!"

नानांनी कानाची पाळी चिमटीत धरली आणि म्हणाले, "येवढी वर्सं दाढंला उगंच मान दिला की!"

त्या दिवशी मॅडमनी नानांना चिठ्ठी लिहून दिली. औषधाच्या चिठ्ठीवर, सहीनिशी: 'चावणे बंद. ऐकणे चालू.' गिरणीत अजून भिंतीला चिकटवलेली आहे. निळ्या बोटाच्या ठशासकट!

*

मग गिरणीवर जे सुरू झालं ते बघायला मी मुद्दाम रविवारी गेलो.

ज्याचं भात त्यानं आपल्याच दाढेखाली धरायचं. नानांनी त्याच्या गालाला कान लावायचा. कट् झालं की निकाल. बायका आल्या तर नाना हातभर अंतरावरून, डोळे मिटून. तरी निकाल पक्का! एका गड्याच्या गालाला नानांनी कान टेकवला तर तो म्हणाला, "नाना, लगीन झाल्यापास्नं येवढं जवळ कुनी आलं न्हवतं!"

प्रकाश शेजारी मीटर घेऊन बसलेला. मी विचारलं, "आता मीटर कशाला रे?" म्हणाला, "काका, मीटर नीट चालतोय का ते बघायला लागतं ना. नानांशी ताडून बघतो."

इथपर्यंत ठीक. पण आठवड्याभरात दवाखान्यात एक शेतकरी आला. दुखत नाही, सूज नाही, काही नाही.

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

"नानांनी धाडलंय. म्हनले, भात वाळलंय, पन दाढ वली हाय."

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक्स-रे काढला. वरून धडधाकट दिसणाऱ्या दाढेच्या मुळाशी काळी सावली! वेळेवर आला म्हणून दाढ वाचली.

मग दुसरा आला. मग तिसरी. "नानांनी धाडलंय." चांगल्या दाढेचा आवाज एक आणि आतून पोखरलेल्या दाढेचा दुसरा, हे नानांना कळायला लागलं होतं. असे किती खरे निघाले? मॅडम म्हणतात चार. मी अकरा सांगतो. तुम्ही मध्ये कुठंतरी धरा. प्रत्येक वेळी एक्स-रे काढल्याशिवाय मॅडमनी कुणाच्या दाढेला हात लावला नाही, हे मात्र माझ्या मिठाशिवायचं.

*

मार्गशीर्षातला गुरुवार. तीन महिने पुरे झाले होते. सर आले. नाना खुर्चीत. प्रकाश दाराशी. मॅडमनी ट्रेमध्ये सगळं मांडलं, आणि शब्द दिला होता म्हणून शेवटी पानासुद्धा.

सरांनी मापाची बारीक सळई हिरडीच्या कडेनं फिरवली. रक्त नाही. दाबलं. पू नाही. नवा एक्स-रे काढून जुन्याशेजारी लावला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, परत वर केला. बशी होती तेवढीच होती. तीन महिन्यांत केसभरसुद्धा खोल गेली नव्हती.

"शुभदा," सर म्हणाले, "पाना ठेवून दे."

"म्हंजी?" नाना खुर्चीत पुढं सरकले.

"म्हणजे स्क्रू राहू दे. घासत राहा आणि दर तीन महिन्यांनी मॅडमना दाखवा. घासायचं सोडलंत तर पुढच्या वेळी माझं ऐकावं लागेल."

नानांनी हात जोडले. मशीनला! मशीन बंद होतं. तरीही मॅडम दोन सेकंद थांबल्या.

मग नानांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत आंबेमोहोराचं नवं भात, दाणे सोन्यासारखे. खोलीभर वास सुटला.

"मॅडम, आता चावू?"

"चावा. पण एकच!"

नानांनी दाणा उचलला. तोंडापर्यंत नेला. थांबले. आणि तोच दाणा मॅडमपुढं धरला.

"पयला मान तुमचा."

मॅडम हसल्या. मास्क खाली केला, दाणा उजव्या दाढेखाली धरला. नाना हातभर अंतरावर डोळे मिटून उभे. सरसुद्धा वाकून बघायला लागले.

कट्.

"वाळलंय," नाना म्हणाले. "परकास, घाल गिरनीत."

प्रकाशनं मान डोलावली. पण नानांनी डोळे उघडले नाहीत.

"मॅडम, आता ह्या अंगानं येक."

मॅडमनी दुसरा दाणा डावीकडं धरला.

कट्.

नानांनी डोळे उघडले. मॅडमकडं पाहिलं. सरांकडं पाहिलं. आणि माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा मी नानांचा हळू आवाज ऐकला.

"मॅडम, तुमी समद्यांचं बघता. तुमचं कोन बघतं?"

"का हो नाना?"

"डावीकडची. मागनं दुसरी."

मॅडमचं हसू तसंच राहिलं, पण हात गालाकडं गेला. सरांनी नवे हातमोजे काढले आणि चढवायला लागले.

मॅडम उभ्या राहिल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा, आपल्या स्टुलाला वळसा घालून पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"बाळासाहेब," त्या म्हणाल्या, "चष्मा द्या."